पळून गेलेल्यांच्या बाजूने

माझ्या सासूबाईंचे वडील रेल्वेत होते. त्यामुळे इगतपुरीकडे घाटातला लोहमार्ग कसा बांधला ते सांगणारं स्मारक आहे, हे कळल्यापासून त्यांनी धोशाच लावला होता. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी त्या, नवरा आणि मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरून गाडी काढून निघालो.

जागा चांगली होती. आवारात जुन्या रुळांचा तुकडा, दगड फोडायचे घण, आत भिंतभर चित्रं. एका चित्रात बोगद्याच्या तोंडाशी साहेब उभे होते आणि त्यांच्या मागे डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं. साहेबांच्या मिशासुद्धा नीट काढलेल्या, मागच्यांना चेहरेच नव्हते.

माहिती देणारा माणूस हौसेनं बोलत होता. कडा कसा फोडला, पूल कसे उभे राहिले, मजुरांच्या तळावर पटकीची साथ येऊन किती माणसं गेली. मग म्हणाला, "मजूर लांबून आणावे लागले. इथले डोंगरातले लोक कामाचे नव्हते. थोडे दिवस यायचे आणि पळून जायचे."

जमलेले लोक हसले. सासूबाईही हसल्या.

"का पळायचे?" मी विचारलं.

"आळस. दुसरं काय?"

"आत्ताच तर तुम्ही पटकीचं सांगितलंत."

"हो, पण बाकीचे राहिलेच ना."

नवऱ्यानं माझा दंड हळूच दाबला. मी हात सोडवून घेतला.

"मी सुरगाण्याकडची, डोंगरातलीच," मी म्हणाले. "आमच्यातलं कुणी इथवर आलं होतं की नाही, मला माहीत नाही. आलं असेल तर ते पळालेलंच असू दे. घरी भात लावायचा सोडून दुसऱ्याच्या बोगद्यात मरायला कशाला थांबायचं?"

"ताई, मी कुणाला नावं ठेवली नाहीत."

"ठेवलीत. आळशी म्हणालात."

तो पुढच्या चित्राकडे वळला. लोकही त्याच्या मागे गेले. मी तिथेच उभी राहिले.

मला आई आठवत होती. मी लहान असताना ती द्राक्षबागांत कामाला जायची. एकदा मुकादमानं तिचा हात धरला. तिनं त्याच्या तोंडावर विळा उगारला, गाठोडं उचललं आणि मिळेल त्या जीपनं गावी आली. हंगाम अर्ध्यावर होता. गावात बरेच दिवस लोक तिला काम टाकून पळालेली म्हणत. ती म्हणायची, "हो, पळाले."

परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत एवढं ताणायची काय गरज होती? बिचारा पोटासाठी बोलतो."

"गरज होती," मी म्हणाले.

"विषय संपव ना," नवरा म्हणाला.

मी फोन काढून आईला लावला. सासरच्या माणसांसमोर मी तिच्याशी नेहमी शहरातलं मराठी बोलायचे. त्या दिवशी आमच्या डोंगरातल्या बोलीत बोलले. घडलेलं सगळं सांगितलं. मग शेतात नागली किती झाली, शेजारची म्हैस व्याली का, तेही विचारलं. सासूबाईंनी दोनदा वळून पाहिलं. मी आवाज खाली आणला नाही. नाशिक येईपर्यंत आम्ही मायलेकी बोलत होतो.