कानातलं मशीन आणि उणे चार

"आजी, झोपेचं औषध बंद केलंय, तरी ते जागे होत नाहीत. मेंदूला इजा झाली असावी," घाटकोपरच्या हॉस्पिटलात आयसीयूचे डॉक्टर म्हणाले. न्यूमोनिया झालेल्या माझ्या नवऱ्याच्या घशात व्हेंटिलेटरची, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राची, नळी होती.

मुलगा नातेवाइकांना फोन लावायला लागला. मी विचारलं, जागे नाहीत हे कळतं कसं?

डॉक्टरांनी समजावलं, त्याला रास स्कोअर म्हणतात. सेडेशन, म्हणजे औषधाची गुंगी, किती खोल आहे ते बघायचं. माणूस जागा आणि शांत असेल तर शून्य. खवळला तर अधिक, गुंगीत उतरला तर उणे. आधी हाक मारतात. काहीच हाललं नाही तर खांदा हलवून बघतात. आमचे हे फक्त खांदा हलवल्यावर हालत होते. उणे चार.

हाक म्हटल्यावर मी ह्यांच्या कानाकडे बघितलं.

हे कापडगिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते. त्या खडखडाटात कान गेले. लग्न होऊन मानखुर्दला आले तेव्हा मी एक नंबरची बावळट. हाकेला वळले नाहीत, की रुसून जेवायचीच नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "रागावलो नाय गो तो, बहिरो झालो हा." तोवर मी चांगलीच वाळले होते.

अॅडमिट करताना ह्यांची अंगठी, कवळी आणि कानातलं मशीन पिशवीत घालून माझ्या हातात दिलं होतं. मी शहाणीने ते घरी कपाटात कुलूपबंद केलं. चोरणार कोण होतं, दुसरा बहिरा?

मुलाने धावत जाऊन मशीन आणलं. सिस्टर हसली नाही की चिडली नाही. तिने ते बसवलं आणि हाक मारली. ह्यांनी डोळे उघडले.

आनंद टिकला नाही. घशातली नळी कळली, नळी उपसू नये म्हणून बांधलेले हात कळले, आणि हे घाबरून धडपडू लागले. अधिक दोन. वाटलं, उगाच जागं केलं. मी कानाशी बोलत राहिले, नळीमुळे आवाज फुटत नाही, मी इथंच आहे. हळूहळू शांत झाले. मग हात सोडले.

फुप्फुसं मात्र सावरली नाहीत. हे गेले.

तुमच्या माणसाला आयसीयूत नेलं, तर ऐकू येतं का, कुठली भाषा कळते, हे आपणहून सांगा. कोणी विचारायची वाट बघू नका. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

घरी मी बोलायला लागले, की हे मशीन काढून ठेवायचे. तिथे सिस्टर सेल बदलायला आली, तरी कानावरचा हात काढत नव्हते.