दाजींची लेन्स

एसटीत तिकीट तपासनीस म्हणून मी अठ्ठावीस वर्षं काढली. त्यामुळे न मागता कुणी काही दिलं की मी ती वस्तू आधी उलटी करून बघतो. बायको याला रोग म्हणते, मी अनुभव म्हणतो.

दाजींनी लेन्स दिली तेव्हाही तसंच झालं. दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सासरी सगळे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांना पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागला आणि त्यांचं बघून मला. फरक एवढाच की माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स आणि त्यांच्याकडे दुधाच्या किटलीएवढी पांढरी टेलिफोटो, मासिकांसाठी काम करणारे लोक वापरतात तसली. तिला त्यांनी कधी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. एकदा मी नुसतं झाकण काढलं तर म्हणाले, "पाहुणे, काचेवर श्वास सोडू नका."

आणि तेच दाजी त्या डिसेंबरात मला घरी बोलावून बॅग माझ्या पुढ्यात सरकवतात काय, आणि म्हणतात काय, "घेऊन जा. महिनाभर वापरा. फोटो शार्प येतात की नाही तेवढं मला सांगा. खरं सांगा."

घरी येऊन मी टॉर्च लावून लेन्स आतून बाहेरून तपासली. बुरशी नाही, चरा नाही. माझा संशय वाढलाच. नक्की हातातून पडली असणार आणि आता माझ्याच गळ्यात मारायचा बेत असणार. नाहीतर, "बघा, महागडी वस्तू हातात दिली तरी यांना जमत नाही," हे पुढच्या लग्नकार्यात चारचौघांत सांगायचं असणार. दोन्ही गोष्टी दाजींना शोभण्यासारख्या होत्या.

निफाडजवळ माझ्या चुलतभावाची द्राक्षबाग आहे. बागेपलीकडच्या विजेच्या खांबावर रोज सकाळी एक कापशी घार येऊन बसते. पांढरीशुभ्र, खांद्यावर काळा डाग, डोळा लालभडक. लेन्सची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिळणार नव्हतं. पहिल्या सकाळी लेन्स हातात धरूनच फोटो काढले. लेन्सच्या वजनाने तिचं तोंड सारखं खाली जायचं. बाजूला चार बटणं, त्यातलं एक जवळचं बघायचं आणि लांबचं बघायचं. ते उलट्या बाजूला राहिलं म्हणून अर्धा तास लेन्स नुसती घरघरत बसली. दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड नेला. थंडी मी म्हणत होती, म्हणून तो शेकोटीला लागूनच मांडला. थंडीने द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत जागोजागी जाळ करतात, तेवढीच मलाही ऊब. शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत चढवला. बटण दाबताना श्वास रोखला. तरी घार ओल्या काचेतून बघितल्यासारखी. तिसऱ्या दिवशीही तेच.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली.

"अंगणच वाकडं आहे," मी म्हणालो आणि फोटो घेऊन दाजींकडे गेलो. खरं सांगायचं तर मजेत गेलो. माणूस रंगेहाथ सापडला की तपासनिसाला जे वाटतं ते वाटत होतं.

"दाजी, लेन्स बिघडलीय. कधी पडली होती का?"

मला वाटलं आता ते भडकतील. पण त्यांचा चेहरा उजळला. आत बघून ओरडले, "ऐकलं का गं? मी कधीपासून सांगतोय, लेन्सच खराब हे!" आणि चप्पल घालून स्वतः जिलबी आणायला निघाले. उंबऱ्यातून वळून मात्र म्हणाले, "तरी अजून एकदा बघून या पाहुणे. शंका नको. मग दुरुस्तीला पाठवू."

एवढ्या मोलाची वस्तू बिघडली आणि धनी जिलबी वाटतो! काहीतरी काळंबेरं होतं. ते काय, हे ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, दाराकडे लक्ष ठेवत सांगितलं.

"भाऊजी, पावसाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. फोटो हलतात. मी दवाखान्यात चला म्हटलं की म्हणतात, हाताला काही नाही, लेन्स बिघडलीय. शेवटी ठरलं, तुमच्याकडे द्यायची. तुमचेही हलले तर लेन्सचा दोष, तुमचे चांगले आले तर ते डॉक्टरकडे येणार. आता तुम्हीच सांगितलंत. आता ते कशाला येतात?"

दाजी जिलबी घेऊन आले. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं मी लोकांच्या हाताकडेच बघत आलो, तिकीट कोण कसं काढतं ते बघत, आणि घरातल्या माणसाचा हात मला दिसला नव्हता.

चौथ्यांदा बागेत गेलो तेव्हा मी मनातून लेन्सच्या विरुद्ध होतो. ती बिघडलेलीच निघू दे, असं घोकत होतो. सवयीने ट्रायपॉड शेकोटीमागे लावला. बागेत कामाला येणारी एक बाई तिथे हात शेकत बसली होती.

"साहेब, लय दिवस बघतीय मी. गावतंय का काही?"

"येतंय, पण धूसर येतंय."

"जाळावरून बघता, मंग काय दिसंल? मगाशी तिथनं मला बी तो खांब हलताना दिसला. हिकडं या आन् बघा."

मी तिच्या बाजूला जाऊन खांबाकडे बघितलं. खांब स्थिर. परत शेकोटीमागे आलो. गरम हवेतून खांब लवलवत होता. साध्या डोळ्यांना दिसत होतं ते इतके दिवस मला दिसलं नव्हतं. ट्रायपॉड उचलला, शेकोट्या मागे टाकून कालव्याच्या बांधावर गेलो. मध्ये नुसती थंड, स्वच्छ हवा. घार नेमकी उंदीर घेऊन आली. मी फोटो काढत सुटलो आणि मग कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एक मोठा करून बघितला. डोळ्याची लाल कड. छातीवरचं पीस न् पीस. पंज्यातून लोंबणारी उंदराची शेपटी.

आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि तो बघून मला रडू येईल असं वाटलं.

मग मी ते केलं ज्यासाठी मी आयुष्यभर लोकांना बसमधून खाली उतरवलं. परत शेकोटीमागे जाऊन मुद्दाम पाच धूसर फोटो काढले. चांगले सगळे कॅमेऱ्यातून पुसून टाकले. फक्त एक पुसवेना, म्हणून तो आधी फोनमध्ये घेऊन ठेवला. ताईंची दवाखान्याची काळजी मला कळत होती, पण दाजींचा जिलबी आणतानाचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. एवढा महिना जाऊ दे, मग बघू, अशी मी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी दाजींनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. एकेक धूसर फोटो पुढे सरकवत गेले. मी "बघा, तेच आहे," वगैरे बोलत होतो. ते थांबले.

"तीनशे बारानंतर एकदम तीनशे एकोणसाठ. मधले सेहेचाळीस कुठंयत?"

कॅमेरा प्रत्येक फोटोला नंबर देतो. जन्मभर मी कंडक्टरांच्या तिकिटांचे नंबर जुळवले आणि मीच नंबरात सापडलो.

"दाखवा," ते म्हणाले. आवाज चढवला नाही.

मी फोन दिला. त्यांच्या हातात घार थरथरायला लागली. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि वाकून बघत राहिले.

"शेपटीसुद्धा आलीय," ते म्हणाले. "छान काढलाय."

"दाजी, आधी मध्ये शेकोटी होती, म्हणून हलत होते. तुमच्याही फोटोंचं तसंच काहीतरी..."

"माझे गच्चीवरचे हेत पाहुणे. भर पावसाळ्यातले. तिथं कुठली शेकोटी?" त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "म्हणजे अंगण सरळच हे."

फोन ठेवल्यापासून उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. तो त्यांनी काढून टेबलावर, माझ्यासमोर ठेवला. बोटं आपोआप हलत होती. लपवायचा काहीच प्रयत्न केला नाही.

"उद्या दवाखान्यात याल का बरोबर? हिला नको, ती घाबरती."

सवयीने मी त्यांचं बोलणंही उलटं करून बघितलं. खाली काही चिकटलेलं नव्हतं. किती वाजता निघायचं, एवढंच मी विचारलं.