खाट उचलायला माणसं कुठून आणायची?

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही शिनोलीच्या वरच्या वाडीत राहतो. आज शेजारचे तात्या गोठ्यात पडले. गाडी खाली रस्त्यापर्यंतच येते. खाट उचलायला मी, आमचे हे आणि दोन म्हातारे. साठीला टेकलेली मीच सगळ्यात तरुण!

दम लागला की खाट खाली ठेवायची, असं करत उतरलो. तात्या कण्हत म्हणाले, "लई तरास दिला गं तुमाला."

त्यांचा पाय मोडलाय. दवाखान्यातून चाकणला माझ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, इथं खोली मिळंना एवढी गर्दी झालीय. तरी तुमी दोघं इकडंच या."

आम्ही गेलो, तर तात्यांना कोण बघणार? आणि राहिलो, तर उद्या आम्हाला? तुम्ही काय केलं असतं?