आईच्या जास्वंदीच्या काड्या

माझ्या आईला, तुळजाबाईला, धीर म्हणून कसला तो नव्हता. डाळ शिजली का हे बघायला ती इतक्यांदा झाकण काढायची की डाळ शिजायलाच उशीर व्हायचा. जास्वंदीच्या काड्यांचंही तिनं तेच केलं. मला हे सगळं पुढं आजीनं सांगितलं, आणि चांगलं मीठमसाला लावून सांगितलं.

जास्वंद आईच्या माहेरची. पांढरी, पोटात लाल. आमच्या कासार आंबोलीत तशी कुणाच्या दारात नव्हती. माहेर मुळशीच्या खोऱ्यात, आणि त्या सालात, एकोणीसशे सत्तावीसच्या सुमाराला, तिथं धरणाचं पाणी चढत होतं. माणसं घर सोडून गेली, झाड दारातच राहिलं. तेवढं तरी जगवायचं, असं आईनं मनावर घेतलं.

मामा काड्या आणून द्यायचा, आई लावायची. नुसत्या काडीला मूळ फुटतं तरी कुठून, आणि काय लावलं म्हणजे फुटतं, या कोड्यानं तिला झपाटलं होतं. एका काडीला तिनं शेण फासलं. दुसरीला मध, तो धनगरांच्या तानूबाईनं रानातून आणून दिला होता. तिसरीचं बूड चिरून त्यात मोड आलेला वाल खुपसला. मोडात एवढा जोर असतो, तो काडीत का उतरू नये, असं तिचं म्हणणं. मला तर ते अजूनही पटतं. खरा घोळ पुढं होता. रोज सकाळी ती काड्या उपसून बघायची आणि पुन्हा खोचायची.

"अगं, रोज उपटल्यावर कुटनं फुटंल मूळ?" आजी, म्हणजे तिची सासू सारजाबाई, ओरडायची.

"पर बघितल्याबिगर कळायचं कसं, आत्याबाई?"

कधी पानं फुटायची. आई हरखून उपसायची, तर खाली नुसती पांढरी गाठ. मग ती काडीही वाळून जायची.

पाऊस सरता सरता मामा शेवटची जुडी घेऊन आला. "आक्का, आता काड्या मिळायच्या न्हाईत. झाड पान्याखाली गेलं."

आईचे दिवस भरले होते. तिनं काड्यांना शेण, मध, सगळंच फासलं आणि त्या न्हाणीमागं खोचल्या. दुसऱ्या दिवशी मी जन्मले.

बाळंतिणीनं सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. आजीनं हा नियम फारच कडक पाळला, थोडा मुद्दामच, असा माझा संशय आहे. बाजेवरून आई विचारायची, "पानं आली का वो?"

"मी न्हाई बघत. तू बाळाकडं बघ."

माझ्या आंघोळीचं पाणी न्हाणीतून काड्यांपाशी जायचं. निगा म्हणायची तर तेवढीच.

सव्वा महिन्यानं मला खांद्याशी धरून आई मागं गेली. बाकीच्या काड्या वाळल्या होत्या. एक हिरवी होती, तिला पानं होती. आईचा पानांवर विश्वास उरला नव्हता. तिनं हात पुढं केला.

"तुळजे, हात लावशील तर बघ!"

तिला राहवलंच नाही. दोन बोटांत काडी धरून तिनं हलकेच वर ओढली. काडी आली नाही.

आईनं बोटं सोडली. "आत्याबाई, हिनं माती धरली वो," ती म्हणाली, आणि बुडालेल्या घरासाठी पहिल्यांदाच मोठ्यानं रडली.