राघूची माघार

राघू लोकसभेला उभा राहिला तेव्हा आमचं आख्खं लोणी गाव हसलं, आणि सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. मी धर्माजी, विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. ज्याला गावच्या सभेत कधी कुणी सतरंजी उचलायलासुद्धा बोलावलं नाही, तो माणूस एकदम दिल्लीला निघाला, तर हसू नको तर काय करू?

राघू आमच्या गावावरच्या माळाला असलेल्या धनगरवस्तीतला. बाप मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचा. राघूनं मेंढरं कमी केली, विहीर पाडली, थोडा ऊस लावला. माणूस गरीब गाय. चारचौघांत बोलायची वेळ आली की आधी बायकोकडं, गजराबाईकडं बघायचा. पण एकदा बोलला की बोलला. तो हट्ट मेंढराचा, पुढं खड्डा दिसला तरी मागं फिरायचं नाही.

सगळं सुरू झालं ते त्याच्या चुलतीपासून, बायडाबाईपासून. आमच्याकडं मोटारीला लाईट येते रातची, म्हणून पाणीही रातचंच धरायचं. म्हातारी उसाला पाणी धरायला गेली आणि बिबट्यानं तिला बांधावरून उचलली. त्यानंतर वस्तीत नेमच पडला, रातच्या पाण्याला कुणी एकट्यानं जायचं नाही. चौघांनी मिळून जायचं, डबे वाजवत.

दहाव्याला जुन्नरहून सावळेराम आला, मोठ्या पक्षाचा माणूस, पांढराशुभ्र. लोकांनी त्याला एकच मागितलं, दिवसाची लाईट. तो गॉगल पुसत म्हणाला, "विषय वरचा आहे पावणं. दिल्लीतला."

राघू उठून उभा राहिला. "मंग दिल्लीला मीच जातो," म्हणाला.

लाईट काही दिल्लीतून सुटत नाही, हे मला ठाऊक होतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर माणसं खंडोबाच्या देवळात पोचलीसुद्धा. वस्तीचा म्हातारा जानकू पुढं झाला. बायडाबाईचा पोरगा भागू रडत होता. एकेकानं देवापुढचा बेलभंडारा उचलला आणि मत राघूलाच देईन म्हणून शपथ घेतली, बायकांनीसुद्धा. शेवटी राघूनं उचलला, "माघार घेणार नाय." त्या पिवळ्या हळदीची शपथ म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. कोर्टात खोटं बोलणारा माणूसही बेलभंडारा पुढं आला की चळाचळा कापतो.

राघूनं पुण्याला जाऊन अर्ज भरला. आणि मग गंमत झाली. आजूबाजूच्या वस्त्यांवरही राघूचं नाव निघायला लागलं. निवडणूक अटीतटीची, एकेक मत सोन्याचं. मग मात्र सावळेराम स्वतःच्या गाडीनं माळ चढून आला. उद्या माघारीचा शेवटचा दिवस, म्हणाला. "राघूभाऊंना मागं घ्या, पावसाळ्याआधी वस्तीला दिवसाची लाईट. माझा शब्द."

म्हणजे ज्याच्यासाठी राघूला उभं केलं, ते राघू बसला तरच मिळणार होतं. उघड कुणी बोलेना, पण मागाहून एकेक जण राघूच्या दारात येऊन उगाच चहा पिऊन जाऊ लागला. काय मागायला आलेत ते राघूला कळत होतं. शेवटी तोच म्हणाला, "शपथ मी एकटा मोडतो. पाप माझं. तुमी सुटता."

सकाळी माझ्याच जीपमधून निघालो. राघू, जानकू, भागू आणि मी. तीनच्या आत पुण्यात कागद द्यायचा होता. वेळ भरपूर होता. पण मंचर मागं पडलं तसा जानकू चुळबुळ करायला लागला. राजगुरुनगरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, खंडोबाचं एक ठाणं आहे. म्हातारा म्हणाला, "राघ्याच्या एकट्याच्या डोक्यावर पाप नगं. देवाला इचारू. त्यानं सोडलं तर पापच न्हाई."

"अहो, देव काय पळून चाललाय?" मी ओरडलो. "आधी पुणं करा, येताना हवं तेवढं विचारा!"

"मोडल्यावर इचारत्यात व्हय?" भागू म्हणाला. राघूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा रक्त आलं. त्याच्यासाठीच थांबत होते ती माणसं. मला राग आला आणि कौतुकही वाटलं. मी जीप वळवली.

गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावली. उजवं पडलं तर मोकळीक, डावं पडलं तर नाही. आम्ही बसलो. एकही फूल हलेना. जानकू हात जोडून गाऱ्हाणं घालतोय, भागू जमिनीवर डोकं टेकतोय, मी दाराशी जीपची किल्ली वाजवतोय. राघू तर श्वाससुद्धा बेतानं घेत होता, आपल्या श्वासानं डावं फूल पडेल म्हणून. ऊन डोक्यावर आलं, कललं. आणि एकदाचं पडलं. उजवं!

"येळकोट येळकोट!" जानकूनं भंडारा उधळला. राघू रडला. आम्ही पळतच जीपमध्ये बसलो, आणि चाकणला येऊन उभे राहिलो. चाकणची ट्रॅफिक ज्यानं पाहिली नाही, त्याला मी काय सांगू? पुढं कंटेनर, मागं कंटेनर. बाजूच्या गाडीतला माणूस उतरून दाढी करून येईल, अशी गत. राघू खाली उतरून पायी चालायला लागला. मी त्याला धरून आणला. इथून पुणं काय मेंढरं हाकत जायचं आहे?

कचेरीत पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. साहेबांनी आवाज चढवला नाही की काही नाही. वेळ संपली, म्हणाले. राघूच्या कपाळावर भंडारा होता, हातात कागद होता.

"देवानं सोडलंय साहेब," राघू म्हणाला.

साहेबांना त्यातलं काय कळणार? त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

मग चिन्हं वाटली. राघूला मिळालं शिलाई मशीन. त्याच्या सात पिढ्यांत कुणी सुई धरली असेल तर ती पायातला काटा काढायला. सावळेरामाचा निरोप आला की उभा राहिला तर राहू द्या, मतं तेवढी आम्हाला पडू द्या, लाईटचा शब्द कायम आहे. आणि मी जन्मात न पाहिलेला प्रचार पाहिला. उमेदवार दारोदार हिंडून हात जोडत होता, "मला मत देऊ नगा. बाईमाणसांनीबी देऊ नगा. माझ्यावाचून काय अडत न्हाई." लोक मान हलवायचे, "बरं," म्हणायचे.

पण कौल लावला होता तो राघूच्या माघारीचा. वस्तीनं घेतलेल्या मताच्या शपथेचा कौल कुणी लावलाच नव्हता, आणि पुन्हा देवापुढं बसायचा धीर आता कुणाला होईना.

मतदानाला वस्तीच्या शाळेत रांग लागली. आत पुठ्ठ्याच्या आडोशाला जो तो मशीनपुढं एकटा. पुढं भागूनं मला सांगितलं ते असं, "मला वाटलं, बाकी समदे पक्षालाच देणार. माझ्या एकट्याच्या मतानं काय व्हतंय? आपली शपथ आपुन पाळू." अन् नेमकं हेच जानकूला वाटलं. जानकूच्या सुनेला वाटलं. घरटी प्रत्येकाला वाटलं.

निकाल बूथवार लागतो. राघू मतदारसंघात कुठल्या कुठं वाहून गेला, पण वस्तीच्या बूथवर सगळी मतं शिलाई मशीनला. एकसुद्धा इकडं तिकडं नाही. राघूमुळं सावळेरामाचा उमेदवार पडला, असंही नाही. त्याचाच माणूस निवडून आला. त्यानं फोनवर जानकूला एवढंच सांगितलं, "तुमची वस्ती कुणाची आहे ते दिसलं आम्हाला." दिवसाची लाईट खाली आमच्या गावाला गेली. संध्याकाळी माळावरून बघितलं की तिकडची माणसं पाणी धरून घरी परतताना दिसतात.

बोल लावायचा कुणाला? देवाला लावता येत नाही, स्वतःला कोण लावतो? राहिला राघू. कुणी भांडलं नाही. नुसतं त्याच्या दारात चहाला येणं थांबलं. गजराबाई हळदीकुंकवाला गेली की बायकांचं बोलणं बंद पडायचं. माझं डोकं फिरलं. मी भर देवळात जानकूला शिव्या घातल्या. तो म्हातारा खाली बघून म्हणाला, "आमी काय केलं? शब्द तर पाळला."

चंपाषष्ठीला मी मुद्दाम वर गेलो. आरती झाली, भंडाऱ्याचं ताट फिरलं. रीत अशी की ज्यानं त्यानं शेजारच्याच्या कपाळाला लावायचा. भागू राघूच्या शेजारी होता. राघूनं कपाळ पुढं केलं, डोळे मिटले. भागूनं ताट त्याच्यापुढं जमिनीवर ठेवलं.

"तुझा तू लाव," म्हणाला.

राघू थोडा वेळ तसाच वाकून राहिला. मग मीच जाऊन त्याला लावला. पण मी खालच्या गावचा, माझ्या लावण्याला काय अर्थ?

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. "धर्माजी, ह्यांनी शपथ मोडली असती तर मी रुसलो असतो," म्हणाला. "चार दिसांनी परत बोललो असतो. एकानं बी मोडली न्हाई रं. आता मी कुणावर रुसू?"

वस्तीची लाईट अजून रातचीच होती. दिवस मावळायला चौघं चौघं डबे घेऊन आपापल्या उसाकडं निघाले. राघू घरात गेला, बॅटरी आणि रिकामा डबा घेऊन बाहेर आला, आणि एकटाच बांधाला लागला.