बोटीत रंगवलेला नंबर

मागीलदारी मी आणि माझी बायको सुमन तारले मासे साफ करत बसलो होतो. मी डोकी काढायची, तिने धुवायचे. एवढ्यात बंदरावरून बोटीवरचा खलाशी संजू नोझल घेऊन आला. नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग. तो चोंदला की बोट काळा धूर सोडते. संजू पायरीवर टेकला आणि धापा टाकायला लागला.

सुमन म्हणाली, "अवो, नोझल मागसून बघा. आधी ह्या झिलाचा बघा. भातो कसो फुगता तो!"

"काय नाय गो काकी, उन लागला," संजू म्हणाला.

"तुका उन लागाक तू काय पापड?"

तारले त्या दिवशी फर्मास झाले होते. चौथ्या दिवशी सुमन गेली. झोपेतच.

मी बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत. बाराव्यानंतर मी महिनाभर हत्याराला हात लावला नाही. मग एक दिवस संजूची आई शालनवैनी दारात आली. म्हणाली, "भावजी, ह्येका डॉक्टराकडे न्या. काकीन सांगितलेला म्हणान तरी येयत."

नेला कुडाळला. डॉक्टर बाईंनी हृदयाची सोनोग्राफी केली. हृदय जरा कमी जोराने पंप करत होतं. "लहानपणी मोठं आजारपण काही?"

संजू म्हणाला, "रक्ताचा कॅन्सर झाला होता, सहा वर्षांचा असताना. पण तो बरा झाला."

बाई पेन खाली ठेवून म्हणाल्या, "कॅन्सरच्या काही औषधांनी पुढे कधीतरी हृदय कमजोर होऊ शकतं. गोळ्या मी आज सुरू करते. पण कुठलं औषध, किती दिलं होतं, ते कळलं पाहिजे. त्यावर किती जपायचं, काय काय तपासायचं, ते ठरतं. जुनी फाईल आणा."

मला हे एका क्षणात पटलं. आम्ही इंजिन खोलून पिस्टन बदलतो, त्याला ओव्हरहॉल म्हणतात. इंजिन पुन्हा नव्यासारखं पळतं. पण आत कुठल्या मापाचा पिस्टन घातला ते पुढच्या मिस्त्रीला कळलं नाही, तर तो वाट लावतो. म्हणून मी प्रत्येक इंजिनाची वही ठेवतो.

घरी येऊन वैनीला विचारलं, "फाईल खंय आसा?"

"ती दर्यात सोडली."

"काय सोडलास?"

"पोर बरो झालो त्या वर्षी, नारळी पुनवेक. नारळ घालून. दुखणा परत घरात येव नये म्हणान."

"वैनी, दुखणा खंय गेला नाय. कागद तेवढे गेले."

ती रडायला लागली. मग डोळे पुसत म्हणाली, "ह्येच्या बापसान फाईलीचो नंबर बोटीत रंगवलेलो. इंजिनाच्या वर, तांबड्या रंगान. यशाचो नंबर म्हणान. पण बापूस गेलो नि बोट विकली. आता ती खंय आसा कोणाक ठावक."

मी उठून उभाच राहिलो. तो नंबर मी बघितला होता. त्या बोटीचं इंजिन मीच दुरुस्त करायचो. इंजिनावरची नंबराची पट्टी गंजून गेली होती, म्हणून वरचा तांबडा नंबर इंजिनाचाच समजून मी वहीत उतरवला होता. त्या नंबरावर एकदा पार्टही मागवला. दुकानदार म्हणाला, असं इंजिन कंपनीने बनवलेलंच नाही. मी त्याला भर बाजारात अडाणी म्हटलं होतं.

वही काढली. नंबर होता. मुंबईच्या ज्या हॉस्पिटलात संजू बरा झाला तिथे फोन लावला. एका मुलीने उचलला.

"पेशंटचं वय?"

"एकतीस."

"काका, हा लहान मुलांचा विभाग आहे."

"तेव्हा तो लहानच होता."

ती मुलगी हसली. नंबर घेतला, थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "सापडली फाईल. लहानपणी कॅन्सर होऊन जे आता मोठे झालेत त्यांची आमच्याकडे वेगळी ओपीडी असते. दर वर्षी यायचं होतं. कितीतरी वर्षं आलाच नाहीत."

संजू कुरकुरला, "बरो आसंय तर हॉस्पिटलात कित्याक जाव?"

"इंजिन चलता म्हणान ऑइल बदलूचा नाय?" मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी त्याला मुंबईला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन पानांचं पत्र दिलं. त्यात सगळं होतं: कुठलं औषध, किती, पुढे काय तपासायचं आणि केव्हा. वर्षाची तपासणी कुडाळच्या बाईंनी केली तरी चालेल. अडलं तर त्यांनी मुंबईला फोन करायचा. हृदयाचं दुखणं वेळेत हाती लागलं होतं. दर्यावर जायला हरकत नव्हती, फक्त जाळी ओढायची नाहीत. मालकाने त्याला सुकाणूवर बसवलं. म्हणजे बढतीच झाली.

परतीच्या गाडीत संजू घोरत होता. हे सगळं सुमनला सांगायला हवं, असं मनात आलं. तिने एवढंच म्हटलं असतं, "मी सांगितलेलंय मां?"

तर शिकलो ते एवढंच. बरं झालेल्या माणसाचे कागद आजारी माणसाच्या कागदांपेक्षा जास्त जपावेत. आजाऱ्याला निदान आपण आजारी आहोत हे माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र घेऊन कट्टा गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. म्हटलं, दहा प्रती काढ.

"एवढ्यो कित्याक, मिस्त्रीनू?"

"काढ रे. झिलाक म्हातारो होवचा आसा."