डब्यातला झेंडीवाला

चुडाव्याचा रस्ता निम्मा सरला तेव्हा मनकर्णाकाकूंनी चौथ्यांदा थांबून स्टीलच्या डब्याचं झाकण उघडलं, आत डोकावलं आणि म्हणाल्या, "मुडद्यांनो!"

"आता काय झालं?" राजेश्रीनं विचारलं. तिच्या चपला चिखलानं वीट-वीट जड झाल्या होत्या. रुळाखालच्या बोगद्यात पाणी साचलेलं, म्हणून ऑटो बंद. आणि ऑटो बंद म्हणून ह्या दोघी बांधाबांधानं, लांबच्या वळणानं, सहा किलोमीटर पायी.

"अजून दोघांची मुंडकी गळाली."

"गळणारच. डिंकानं प्लास्टिक चिकटत असतंय का, काकू?"

"बाभळीचा डिंक हाय. माझ्या सासऱ्याची पोथी चाळीस वर्षं धरून ठेवली त्यानं."

"पोथी कागदाची होती!"

 काकू झाकण लावून पुढं चालू लागल्या, आणि चालता चालता डबा कानाशी हलवून बघितला. आत खुळखुळ वाजलं.

राजेश्री अंगणवाडी सेविका, काकूंच्या शेजारची सून. आठ दिवसांमागं काकूंच्या लेकीनं, मंजुषानं, पुण्याहून एक खोकं पाठवलं, तेव्हापासून हा घोर राजेश्रीच्या मागं लागला होता. खोक्यात रेल्वेचा फलाट आणि बोटाएवढी वीस माणसं. पण सुटी. धड वेगळं, मुंडकं वेगळं, हात वेगळे. सगळं प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला लोंबत असलेलं आणि प्रत्येक तुकड्याशेजारी बारीक आकडा. कागदावर आकडा बघायचा, तेवढाच तुकडा कापायचा, चिकटवायचा, मग दुसरा. मंजुषानं फोनवर तीनदा समजावलं होतं.

काकूंनी तिन्ही वेळा "व्हय, व्हय" केलं. मग दुपारी सूप मांडीवर घेतलं आणि तुरीच्या शेंगा सोलाव्यात तसं सगळं एका बैठकीत सोलून काढलं. वरून पाखडलंही. त्यात टोप्या उडाल्या. रिकाम्या चौकटी, आकड्यांसकट, उकिरड्यावर गेल्या.

संध्याकाळी राजेश्री आली तर काकू एकदम खुशीत. "निवडून ठेवलंय बघ. मुंडकी ह्या वाटीत, हात त्या वाटीत. एकोणचाळीस हायेत. एक कोंबडीनं नेला."

"अन् आता कुणाचा हात कुणाला, कसं कळायचं?"

"हातावर काय नाव कोरलेलं असतंय का? ज्याला बसंल त्याला."

राजेश्रीनं कपाळाला हात लावला. त्यातून विकतचं चिकटवायचं काही आणायला काकू तयार नाहीत. त्यात हाडं उकळून घालतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. "महालक्ष्म्यांपुढं हाडं मांडू का मी?" म्हणून बाभळीचा डिंक. तो आठ दिवसांत काही धरला नाही आणि महालक्ष्म्या तर उद्या यायच्या, तेव्हा कुठं काकू चुडाव्याच्या दुकानात नुसतं विचारून बघायला तयार झाल्या.

काकूंचे यजमान सितारामभाऊ ह्याच रस्त्याच्या टोकाला रेल्वे फाटकावर गेटमन होते, एकोणतीस वर्षं. ह्याच बांधावरून काकूंनी त्यांचा डबा नेला, मंजुषाला काखेत मारून. नऊ वर्षांपूर्वी भाऊ गेले. मग फाटक गेलं, बोगदा आला. घरात महालक्ष्म्या उभ्या करायचा मान धाकट्या जावेकडं गेला; काकूंच्या वाट्याला राहिली ती पुढची आरास. ती मांडायची आणि सैपाकघरात जायचं. ह्या साली त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, आमच्या मालकाचं ठेसन मांडते, हिरव्या झेंडीसकट. जाऊ म्हणाली होती, "मांडा की. पण सकाळपर्यंत माणसं उभी न्हाई राहिली तर माझे काचेचे मोर हायेत."

स्टेशनसमोरच्या दुकानात चिकटवायची नळी मिळाली. काकूंनी दुकानदाराला विचारलं, "हाडं हायेत का ह्यात?"

"न्हाईत हो मावशी. केमिकल हाय."

"कुलदैवताची शपथ?"

"शपथ! पण बोटाला लावू नका."

फलाटावरच्या बाकावर राजेश्रीनं डबा उघडला आणि तिचं डोकं फिरलं. झगेवाल्या बाईला दोन्ही हात उजवे आणि त्यातल्या एकात हिरवी झेंडी. बॅगवाल्या साहेबाला अंबाडा. "काकू, हे असंच पक्कं चिकटवलं तर लोक हसतील. द्या टाकून रुळावर!"

"ओरडू नको. लेकरू हायेस का?" काकू डबा घेऊन नळावर गेल्या. देवीपुढं मांडायचं, आणि चिखलातून आणलेलं, म्हणून त्यांनी सगळी माणसं धुऊन काढली. परत आल्या त्या ओरडतच. "राजेश्री, लय वाईट झालं! सगळेच सुटले!"

राजेश्रीनं बघितलं. डिंक पाण्यात विरघळून गेला होता. हात, मुंडकी, धडं, पुन्हा पहिल्यासारखी कोरी. विकतचं काही लावलं असतं तर त्या बाईची झेंडी जन्मात सुटली नसती. एवढं कळूनही काकूंना शाबासकी द्यायला तिची जीभ काही वळेना.

"बसा," ती म्हणाली. "आधी बाह्या जुळवू. कोटाची बाही कोटाला."

नळीचा पहिला थेंब राजेश्रीच्याच दोन बोटांना बसला आणि बोटं एकमेकांना चिकटली. काकू पोट धरून हसल्या. तशाच बोटांनी तिनं झेंडीचा हात निळ्या कोटाला लावला. आता मुंडकं. डब्यात वीस; अंबाड्याची सोडली तर बाकी सगळी सारखी.

"हे," काकू म्हणाल्या.

"कशावरून?"

"कान बघ की."

कान सगळ्यांचे सारखेच होते. तरी राजेश्रीनं तेच बसवलं. टोपी तर उडालेलीच. "ह्यांना तरी कुठं टोपी सोसायची," काकू पुटपुटल्या.

झेंडीवाला बाकावर ठेवला. डुलला आणि उभा राहिला. नांदेडकडची गाडी धडधडत गेली, बाक हादरला, काकूंनी दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. तळवे काढले तरी तो उभाच.

"चला, एकोणीस राहिले. घरी जाऊन करू, अंधाराच्या आत," राजेश्री उठली.

काकू उठल्या नाहीत. झेंडीवाल्याला पदराच्या टोकात गुंडाळत म्हणाल्या, "परवाच्या जेवणाला धाकटी जाऊ तुला सवाष्ण म्हणून सांगणार हाय. तू आराशीपुढंच बसशील. बघायला लेकरं येतेत, धक्का लागतोय. हा पडला तर जेवता जेवता उठ, पण तेवढा उभा कर, माय. मला सैपाकघरातून दिसत न्हाई."